ऐनावर अडकलेली होळी

१७ नोव्हेंबर १९८५

आज मशीन घरी आलं. जयगडच्या इद्रीसने कुवेतहून येताना आणलेली पेट्रोलवरची करवत. त्याला लाकडाचा धंदा करायचा आहे आणि मला झाडं पाडता येतात, म्हणून आमची जोडी जमली. फौजेत होतो तेव्हा आसामात असल्याच करवतीने मी रस्ते मोकळे केले आहेत. सध्या आमच्या पंचक्रोशीत हे यंत्र चालवणारा मी एकटाच. हे गर्वाने लिहीत नाही. किंवा लिहीत असेन, वही माझीच आहे.

दोरी खेचून चालू केलं तशी वाडीतली कुत्री पळाली आणि माणसं जमली. गावाचे मानकरी काशीराम गावकार काठी टेकत आले, लांबूनच बघितलं, म्हणाले, “हरिश्चंद्रा, देवाच्या कानात दडे बसतील रे.” आणि मग तासभर हलले नाहीत.

हाताशी महिपत असणार. तुळसाचा धाकटा भाऊ. मुंबईच्या खानावळीत वाढप्याचं काम करून कंटाळला आणि परत आला. आईबाप गेल्यावर तुळसानेच त्याला लहानाचा मोठा केला, म्हणून तो माझा मेव्हणा कमी आणि तिचा मुलगा जास्त. जेवताना ती म्हणाली, “माज्या भावाला हातीपायी धड ठेवा. दुसरं काय मागत नाय मी.”

मी म्हटलं, “अगं, पूल बांधले, सुरुंग लावले, माझ्या हाताखालचा एक माणूस जायबंदी झाला नाही.” हे खरं आहे. तिने भात वाढला आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

२४ नोव्हेंबर

सकाळभर महिपतला धडे दिले. झाडाचा कल आधी बघायचा. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच, मग मागून काप, आणि मधे लाकडाची एक पट्टी राखायची. बैलाला वेसण तशी झाडाला ती पट्टी. आणि करवतीला हात लावायच्या आधी आपली पळायची वाट साफ करून ठेवायची.

सगळ्यात वाईट ते अडकलेलं झाड. बुंधा तुटलेला आणि शेंडा दुसऱ्या झाडात गुंतलेला. ते ना उभं ना आडवं, कधी खाली येईल ते त्यालाही माहीत नसतं. त्याच्या खाली जायचं नाही. ज्या झाडाने त्याला धरलंय ते तोडायचं नाही. लोंबतं खोड मधेच कापायचं नाही. लांबच्या दणकट झाडाला कप्पी बांधायची, दोरखंड अडकलेल्या झाडाच्या बुंध्याला घालायचा आणि बाजूला उभं राहून ते मागे मागे ओढत सोडवायचं. नाहीच सुटलं तर भोवती काटेरी शिरी टाकून माणसं लांब ठेवायची आणि उद्या यायचं. सुभेदारसाहेब आमच्याकडून हे पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे. मीही महिपतकडून म्हणून घेतलं. एक चूक केली नाही त्याने. पोरगा हुशार आहे.

रत्नागिरीहून नवा दोरखंड आणि लोखंडी कप्पी आणली. सगळं कसं नियमात पाहिजे.

१२ डिसेंबर

पहिलं झाड अडकलं. पऱ्याच्या पाण्याकाठचा किंजळ शेजारच्या जांभळीत जाऊन बसला. दोरखंड, कप्पी घरी. वर रस्त्यावर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना, आणि इद्रीस आंब्याखाली येरझाऱ्या घालतोय. कप्पी आणायला घरी जायचं, बांधायची, ओढायचं म्हणजे दिवस गेला.

शेवटी मीच आत शिरलो. अशा खोडाला वरून थोडं कापायचं, मग खालून पुरतं, आणि डावीकडे उडी. खोडाचा आधार जातो, वरचं लाकूड धप्पकन खाली बसतं आणि झटक्याने शेंडा सुटतो. सुटलाच. महिपत आ वासून बघत होता. म्हणाला, “भावोजी, काय उडी मारलीत!”

त्याला बजावलं, हे तू करायचं नाही. माझी गोष्ट वेगळी, मला सवय आहे. त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतलं कौतुक मला गोड लागलं, खोटं कशाला लिहू.

१३ जानेवारी १९८६

काम चांगलं चाललंय. गेल्या महिनाभरात बऱ्याच वेळा झाडं अडकली. आमची रानं दाट, झाडाला झाड लागून, दुसरं काय होणार. प्रत्येक वेळी वरून थोडं, खालून पुरतं, डावीकडे उडी. आता मला ते चहा गाळण्याइतकं सोपं झालंय. दोरखंड अंगणात दोन फणसांच्या मधे बांधलेला आहे, तुळसा त्यावर गोधड्या वाळत घालते.

इद्रीसची गंमत. मला म्हणतो, पेट्रोलच्या डब्याजवळ विडी ओढू नका, आणि हे सांगताना स्वतःच्या तोंडात पेटलेली विडी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्याला हे म्हणून दाखवलं तेव्हा तो विडी विझवून पोट धरून हसला. माणूस दिलदार आहे.

महिपतचं लग्न ठरलं. मंडणगडाकडची मुलगी, गोदा नावाची. वैशाखात करायचं. स्वारी खुशीत आहे. संध्याकाळी वाडीतल्या पोरांना अंगणात माझी नक्कल करून दाखवत होता. हातात झाडूची करवत, तोंडाने घर्रर्र, आणि शेवटी डावीकडे उडी. अगदी माझ्यासारखी. मी हसून हसून थकलो. तुळसा हसली नाही. तिला कधी कधी गंमत कळत नाही.

२ मार्च

काशीराम गावकार स्वतः घरी आले. आजवर त्यांनी आमच्या ओसरीची पायरी चढली नव्हती. माझा बाप या गावात घरजावई म्हणून आला. त्यामुळे आम्ही उपरे. पालखीला खांदा नाही, नारळाला हात नाही, देवळात उभं राहायचं ते मागे. मी फौजेतून बिल्ले घेऊन आलो तरी उभा मागेच.

गावकार म्हणाले, “औंदा होळी तुज्या मशीननं तोडायची. चाकरमानी सकाळच्या यष्टीनं येतात नि दुसऱ्या दिशी जातात. कुऱ्हाडी चालवणार कोण? पयला घाव माजा. पुडचं तुजं.”

शिमग्याला होळीचं झाड तोडून नाचवत देवळापुढे न्यायचं, तिथे ते उभं करून होम लावायचा. ते झाड तोडायचा मान आता माझ्या घराला. ते गेल्यावर बापाच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिलो. महिपत म्हणाला, “भावोजी, आता आपलं घर गावात आलं.” अगदी माझ्या मनातलं बोलला.

२० मार्च

झाड बघून आलो. देवाला कौल लावून ठरवलेला आंबा, उंच आणि सरळ. पण त्याच्या पुढ्यातच एक जुना ऐन आहे, फांद्या पसरलेला, आणि उतार असा की आंबा त्याच बाजूला कलणार. मला हे झाड आवडलं नाही. एरवी मी त्याला हात लावला नसता.

गावकारांना म्हटलं, शेजारचा आंबा घेऊ. ते म्हणाले, “देवान् दिलेलं झाड बदलत नाय बाबा.”

दुसरी अडचण आमच्या गावच्या रीतीची. होळी जमिनीला टेकता कामा नये. कुऱ्हाडीने तोडताना झाड कडकड करत सावकाश झुकतं, तो आवाज ऐकत माणसं पुढे सरकतात आणि त्याला खांद्यावर घेतात. मशीनच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? मी सांगितलं, मी हात वर करीपर्यंत सगळ्यांनी दगडी गडग्याच्या पलीकडे उभं राहायचं. झाड मी हळू झुकवीन. गावकारांनी कबूल केलं.

नाही म्हणावं का? सकाळपासून हाच विचार. पण एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोण विचारणार आहे.

२५ मार्च

आज होळी. सकाळची यष्टी भरून आली. मशीन साफ केलं, साखळीला धार लावली.

दोरखंड, कप्पी न्यावी का? गावासमोर दोऱ्या काढून बसलो तर म्हणतील, एवढं मशीन आणि शेवटी दोरीच. नको. जमेल.

२८ मार्च, रत्नागिरी

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. जसं घडलं तसं लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

गावकारांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, पहिला घाव घातला. मग मी मशीन चालू केलं. खाच बरोबर पडली, मागचा काप बरोबर पडला. झाड वळलं ते अर्धंच. शेंडा ऐनाच्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात गेला आणि आंबा तिथे अडकून बसला. मी मशीन बंद केलं. ढोल थांबले. बुंधा माझ्या कमरेइतका वर लोंबत होता, जमिनीला टेकला नव्हता, म्हणून रीतीप्रमाणे होळी अजून मोडली नव्हती. गावकार हात जोडून उभे होते.

मी ओरडून सांगितलं, कोणी पुढे येऊ नका, मी कप्पी घेऊन येतो. मशीन महिपतच्या पायाशी ठेवलं. म्हटलं, “इथेच उभा राहा, कोणाला आत सोडू नकोस.” आणि घराकडे पळालो.

अंगणात दोरखंडावर गोधड्या होत्या. त्या ओढून फेकल्या, एक गाठ सोडली. दुसरी सुटेना. तेवढ्यात रानातून मशीनचा आवाज आला.

तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी गाठ तशीच सोडून धावलो. धावता धावता आवाज जोरात झाला, मग एकदम बारीक, आणि मग माणसांचा ओरडा.

नंतर कळलं ते असं. मी गेल्यावर चाकरमान्यांनी फाका घालायला सुरुवात केली. शिमग्याला कोणी कोणालाही काहीही बोलावं, त्याचा राग धरायचा नाही. पोरं प्यालेली होती. होळी अडकली, उपऱ्यांची मशीन अडकली, नवरदेवाचंही असंच अडकणार, असं बरंच काही. सगळे हसले. महिपतही आधी हसला म्हणतात. मग त्याने मशीन उचललं.

वरून थोडं, मग खालून. गावकार सांगतात, अगदी सराईतासारखं. पण खालचा काप पुरा होताना खोड करकरलं, आणि होळी टेकेल या भीतीने दहाबारा जण “खांदा लावा, खांदा लावा” म्हणत गडगा ओलांडून आत घुसले. डावीकडून. महिपतला उडी मारायला जागाच राहिली नाही. माणसांच्या अंगावर उडी कशी मारणार? तो जागीच थांबला आणि खोड त्याच्या पायावर आलं.

बाकी कोणाला खरचटलंही नाही. त्याने उडी मारली असती तर दोघंतिघं त्याच्याबरोबर खाली गेले असते.

इद्रीस होळी बघायला आला होता. त्याच्याच जीपमधून महिपतला इथे आणलं. वाटेत तो सारखं विचारत होता, “भावोजी, टेकली काय होळी?” मी नाही म्हणालो. टेकली होती.

२ एप्रिल

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

तुळसा त्याच्या उशाशी बसून आहे. माझ्याशी बोलत नाही. डबा आणला तर घेते, माझ्याकडे न बघता.

पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. महिपतने सांगितलं, भावोजींनी हात लावायला मना केलं होतं, मी आपल्या मनाने केलं, माझीच चूक. ते गेल्यावर मी विचारलं, “बाबा रे, तुला सगळे नियम पाठ होते. मग खाली कशाला गेलास?”

तो म्हणाला, “आपला मान जायत होता. नि तसं सोपंच हाय ना ते. वरनं थोडं, खालनं पुरतं, डावीकडं उडी. जागा असती तर जमलं असतं.”

मी त्याला असं कधी शिकवलं नाही. एकदा नव्हे, दर वेळी बजावलं होतं की हे तू करायचं नाही. इद्रीस साक्षीला आहे. मी दिवसभर हेच स्वतःला सांगतोय, तरी जेवण जात नाही.

१९ एप्रिल

मंडणगडाहून गोदाचा बाप आणि मामा आले. केळी आणली होती. पांघरुणाखाली जिथे पाय नाही तिकडे बघायचं टाळत होते. हवापाण्याचं बोलले, पोरीच्या आजीची तब्येत बरी नाही म्हणाले, वैशाखाचं काही बोलले नाहीत. मी त्यांना यष्टीपर्यंत सोडायला गेलो. बाप हात जोडून म्हणाला, “आमाला समजून घ्या.” मी समजून घेतलं. माझी मुलगी असती तर मीही तेच केलं असतं, आणि तरीही त्या माणसाला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

परत आलो तर महिपतने केळी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली होती.

११ मे

महिपतला घरी आणलं. कुबड्यांवर अंगणात चालतो, पडतो, आणि कोणी उचलायला आलं की चिडतो.

होळीच्या दिवशी गावाने छोटी पोफळ तोडून कसाबसा होम लावला होता. आंबा मात्र तसाच आहे. कापलेलं टोक जमिनीत रुतलेलं, शेंडा ऐनाच्या दुबेळक्यात. पानं वाळून तांबूस झालीत. कोणी त्याच्याजवळ जात नाही, पण झऱ्यावर जायची वाट त्याच्याच खालून आहे. विहिरी आटल्या, आता सगळ्या बाया पाण्याला तिकडूनच जातात. तुळसाही. मी लांबच्या वाटेने जा म्हटलं. दीड महिन्यात ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. “पडायचं ते पडलं, आता आनखी काय पडनार?”

१६ मे

गावकार आले. उन्हाळ्यात खूप वाळलेत. ओसरीवर न बसता अंगणात उभे राहून म्हणाले, “मिरगाच्या आधी वारं सुटंल. तो आंबा कुनाच्यातरी बायकोवर जायल. तूच पाड बाबा. माजा पयला घाव हाय त्यात, मी दोरीला हात लावायला येन.”

मी म्हटलं, “मला मशीनला हात लावायची इच्छा राहिली नाही.” आतून महिपत ओरडला, “भावोजी, जावा. मी पन येतंय.”

२८ मे

आज आंबा खाली आणला.

सकाळी तुळसाने न सांगता दोरखंडावरच्या गोधड्या काढून घेतल्या. ती दुसरी गाठ अजून तशीच होती. तिनेच कोयत्याच्या टोकाने उकलून दिली.

झऱ्याच्या वाटेवर दोन्हीकडून काटेरी शिरी टाकल्या. महिपतला लांब, गडग्याच्या पलीकडे सावलीत बसवलं. वरच्या अंगाला एक जाडजूड साग आहे, त्याला कप्पी बांधली. दोरखंड आंब्याच्या बुंध्याला घातला, तोही बाजूने वाकून, खोडाखाली पाऊल न टाकता. गावकार, इद्रीस आणि वाडीतली उरलेली चार माणसं दोरीला, उताराच्या वर, एका कडेला. मशीन मी घरीच ठेवलं होतं.

वीतभर ओढायचं आणि थांबायचं. थांबून ऐकायचं. मशीन नसलं की लाकूड सगळं सांगतं, कुठे ताण आहे, कुठे सुटतंय. गावकारांना ते माझ्याआधी ऐकू येत होतं, ते नुसतं बोट वर करायचे. आम्ही पुन्हा वीतभर ओढायचो. सगळी सकाळ गेली. इद्रीसच्या हाताला फोड आले, पण तो हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरसारखं एकदाही “चला, आटपा” म्हणाला नाही.

शेवटी ऐनाची एक फांदी सुटली, आंबा एकदा अंग झटकल्यासारखा हलला, आणि जिथे पडायला हवा होता तिथे पडला. कोणी उडी मारली नाही. कोणाला मारायची गरज पडली नाही.

गावकार खाली बसून रडले. मी गडग्याकडे गेलो. महिपत आडव्या झाडाकडे, कप्पीकडे, दोरखंडाकडे बघत होता. शाळेत नवीन काही बघितल्यासारखा त्याचा चेहरा होता.

“भावोजी,” तो म्हणाला, “हां असं करायचं असतंय व्हय? तुमी सांगायचात, मी पाठ केल्तं. पन बगितलं आज पयल्यांदाच.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतची सगळी झाडं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्यातल्या एकालाही दोरखंड लावलेला मला आठवेना. मला तिथेच रडू आलं. तुळसा कळशी कमरेवर घेऊन वाटेत उभी होती. तिने ऐकलं होतं. आणि मला कळलं की हे तिला आधीपासूनच माहीत होतं, अंगणातली ती नक्कल बघितली तेव्हापासून.

महिपतला धरून घरी आणलं. मग दोरखंड गुंडाळून खुंटीला लावला. अजून नवाच आहे.